तळातलं लोखंड

शिडाच्या होडीचं सगळं कौतुक वरच्या वर होतं. शीड कसं भरलं, वारा कुठून उठला, होडी किती कलली, यावर माणसं तासन्‌तास बोलतात आणि फोटोही त्याचेच काढतात. पाण्याखालच्या कीलचा, म्हणजे तळातून खाली उतरणाऱ्या जड पात्याचा, फोटो काढायला कोणी बुडी मारत नाही. मारलीच तर दिसणार काय? गंजाचे पोपडे, त्यांवर फासलेला रंग, रंगावर धरलेलं शेवाळ. आमच्या बोटीच्या तळाशी असं २५० किलोचं ओतीव लोखंड आहे. दिसायला कुरूप, पण त्या बोटीतल्या इतर कशाहीपेक्षा माझा जीव त्याच्यातच जास्त गुंतलाय.

बोट म्हणजे कॅटालिना २२. कॅलिफोर्नियाच्या फ्रँक बटलर यांनी १९६९च्या सुमारास ती बाजारात आणली, आणि पुढे तशा पंधरा हजारांहून जास्त बोटी पाण्यावर आल्या. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी आठ फुटांच्या आत. म्हणजे ट्रेलरवर चढवून गाडीमागे बांधली की साध्या रस्त्यावरून कुठेही न्यावी. पण यातच एक मोठी अडचण आहे. वाऱ्याच्या अंगावर चढत जायचं तर बोटीखाली खोल आणि जड काहीतरी हवं, नाहीतर ती खेकड्यासारखी आडवी सरकत राहते. आणि ते खोल, जड काहीतरी घेऊन ती ट्रेलरवर बसणार कशी? तर कीलला बिजागरी करायची. पुढच्या टोकाशी इंचभर जाडीची ब्राँझची पिन आणि मागच्या टोकाला पोलादी वायर. वायर खोबणीतून वर येऊन केबिनच्या पायरीखालच्या विंचवर गुंडाळलेली. हँडल फिरवलं की कील मागे-वर झुलत तळाशी आडवी होते आणि बोटीला दोन फूट पाणी पुरतं. सोडली की ती पाच फूट खोल उभी राहते.

कल्पना बटलर यांची नव्हे. बोटीच्या पोटातून वरखाली सरकणारी कील ब्रिटिश नौदलातल्या जॉन शँक यांनी १७७४ मध्ये बॉस्टनमध्ये करून पाहिली होती. पुढे १७९८ मध्ये बांधलेल्या ‘लेडी नेल्सन’ या छोट्या जहाजाला तशा तीन कील बसवल्या, आणि ते ऑस्ट्रेलियाच्या उथळ किनाऱ्यांची पाहणी करत हिंडलं. सरळ वर उचलण्याऐवजी पिनेभोवती झुलवण्याची युक्ती त्याच नौदलातल्या मॉलिन्यू शुल्डम यांनी १८०९ मध्ये काढली. तेव्हा ते फ्रान्समध्ये व्हर्दनला नेपोलियनचे कैदी होते. समुद्रापासून इतक्या लांब अडकून पडलेल्या माणसाला उथळ पाण्याची काळजी का पडावी, असं मला नेहमी वाटतं. पण कैद्याला वेळ असतो, आणि बिजागरीची कल्पना रिकाम्या वेळातच सुचत असावी.

आता मुख्य गोष्ट. वायर कीलला वर ओढते. खाली ढकलत नाही. खाली धरून ठेवायला कीलचं स्वतःचं वजन तेवढं असतं. बोट सरळ असेतो हे पुरतं. पण जोराच्या झोताने ती आडवी पडली आणि त्याहीपुढे कलंडली, तर तेच वजन कीलला परत तळाशी पाडू पाहतं. वायर सैल पडते, लोखंड खोबणीवर आदळतं, आणि बोटीला उभं करणारा भार ऐन गरजेला आपली जागा सोडतो. म्हणून केबिनच्या आतून, खोबणीच्या भिंतीतून, एक बोल्ट दिलेला असतो. पान्याने आवळला की त्याचं टोक कीलच्या अंगावर रुततं आणि तिला जागच्या जागी दाबून धरतं. दुसऱ्या काही बोटींत तो आरपार जातो; आमच्यात नुसता दाब.

मग आवळून मोकळं व्हावं, यात विचार कसला? विचार असा, की कील झुलती ठेवलीय तीच मुळी तळ लागला तर मागे सरून वाट देण्यासाठी. मोकळी कील वाळूच्या उंचवट्याला टेकली की चढते, घासते, पुन्हा खाली येते. वर केबिनमध्ये फक्त ‘धप्प’ ऐकू येतं. आवळलेली कील तसं करू शकत नाही. हजारभर किलोच्या बोटीचा सगळा वेग मग त्या पिनेवर, पिनेच्या आधारांवर आणि खोबणीच्या फायबरग्लासवर येतो. यावरून शिडवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, कायम आवळा. दुसरा म्हणतो, कधीच आवळू नका. आपलं पाणी किती खोल आहे, हे दोघंही सांगत नाहीत, म्हणून मला दोघांचंही पटत नाही.

आमचं पाणी म्हणजे लेक सेंट क्लेअर. डेट्रॉइटच्या शेजारी, ह्युरॉन आणि इरी या दोन महासरोवरांच्या मध्ये. १६७९ मध्ये ला साल हे फ्रेंच प्रवासी ‘ग्रिफॉन’ जहाजातून इथे पोचले, तो १२ ऑगस्टचा, संत क्लेअरच्या सणाचा दिवस होता, म्हणून हे नाव. विस्तार अकराशे चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. वारा सुटला की या उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट खिळखिळी करतात. उत्तरेकडे नदीच्या मुखाशी गाळाचं जाळं पसरलंय. तिथे बोरूंच्या बेटांमधून जाताना पाच फूट पाणीही मिळेलच असं नाही. आणि मधोमध खणून काढलेला सत्तावीस फुटी मार्ग, ज्यातून लोखंडाची माती भरलेली हजार फुटी जहाजं जातात. म्हणजे एकाच दुपारी दोन्ही तटांची भीती आम्हाला पुरून उरते. भर तळ्यात वारा चढलेला असेल तर बोल्ट आवळलेला. बोरू दिसू लागले की सैल, आणि कील थोडी वर घेतलेली. नवरा सुकाणूवर बसतो, मी पाना घेऊन खाली गुडघ्यावर. हे काम मी त्याला करू देत नाही.

क्रम मात्र चुकता कामा नये. समजा बोल्ट आवळलेला राहिला आणि कील सोडायला हँडल फिरवत गेलो, तर वायर ढिली होत जाते, कील तसूभर हलत नाही. मग कोणाच्या तरी लक्षात येतं, तो पाना लावतो, आणि २५० किलो एका झटक्यात खाली येतात. वायर तुटली तर स्वस्तात सुटलो म्हणायचं. हँडलचंही तसंच, हातातून निसटलं आणि ब्रेक घसरला, तर ते गरगरत मनगट मोडतं. आमच्या बोटीच्या आधीच्या मालकांनी विंचच्या झाकणावर आतून जाड पेनने लिहून ठेवलंय: ‘आधी बोल्ट. मग हँडल. हात सोडू नका.’ अक्षर वळणदार, म्हाताऱ्या माणसाचं. झाकण दोनदा रंगवून झालं, पण त्या तीन ओळींभोवती चौकट सोडूनच.

देवगडचे माझे मामा एका उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. बोट ट्रेलरवर होती. ते आधी वाकून, मग चक्क पाठीवर झोपून खाली शिरले, लोखंडावर बोटाने टकटक केलं आणि तिथूनच म्हणाले, “काय गो, ह्यां लोखांड बोटीक तारतलां काय बुडयतलां?” त्यांच्या वडिलांची उलांडीची होडी होती. होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांवर बांधलेलं ते लाकूड तोल सांभाळतं, आणि खाली काही खोल नसल्यामुळे होडी सरळ पुळणीवर ओढता येते. कोकणाने उथळ पाण्याचं उत्तर बाजूला शोधलं, इथल्यांनी पोटाखाली. मामांनी बोल्ट पाहिला, पिन पाहिली, आणि आपल्या पद्धतीत आवळायला फक्त सुंभ लागतो, एवढं ऐकवून चहा मागितला.

कीलला आवाज आहेत, आणि ते कळायला लागले की बोट बोलती होते. वेग वाढला की पाण्यातली ताणलेली वायर गुणगुणते. तळपायांना ते आधी कळतं, कानांना नंतर. काही जण वायरवर रबर चढवून हा आवाज बंद करतात. मला तो हवा असतो. वेगाचा काटा न पाहता बोट बरी चाललीय हे समजतं. रात्री नांगरावर असताना मात्र कील खोबणीत डावी-उजवी हलते, ठक, ठक, आणि झोपेचं खोबरं होतं. पिनेच्या दोन्ही बाजूंना वॉशर घालून ती फट बरीच कमी करता येते. उरलेल्यासाठी बोल्ट आहेच.

हिवाळ्याआधी बोट बाहेर निघते. या तळ्यात १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले, जहाजांच्या टाक्यांमधल्या पाण्यातून युरोपकडून आलेले. नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, कशालाही चिकटणारे. खोबणीत हात घातला की ते लागतात. रस्त्याला लागायच्या आधी ते खरवडायचे, शेवाळ काढायचं, पाणी निथळू द्यायचं. मिशिगनचा कायदाच आहे तसा. मग वायर दिव्याखाली धरून वीत-वीत तपासायची. एक तंतू जरी तुटून काट्यासारखा वर आला असला तरी ती बदलायची. वायर जिच्यातून वर येते त्या रबरी नळीलाही चीर नाही ना, ते बघायचं. ती फाटली तर तळ्याचं पाणी सरळ केबिनमध्ये येतं.

रस्त्यावर कील वायरवर टांगून न्यायची नाही. ट्रेलरच्या आडव्या लाकडावर ती अलगद टेकवायची आणि वायरचा ताण जरासा सोडायचा, म्हणजे खड्ड्यातला प्रत्येक हिसका विंचला बसत नाही. पहिल्या काही मैलांनंतर थांबून सगळं पुन्हा पाहायचं, कारण बोटीवरचे पट्टे ताण खाऊन सैल पडतात. पेट्रोल पंपावर आम्ही दोघं असे खाली वाकलेले दिसलो की कोणीतरी हमखास विचारतं, गळतेय का? नवरा ‘नाही’ म्हणून गप्प बसतो. मी पिनेपासून सांगायला सुरुवात करते, आणि बोल्टपर्यंत पोचते तोवर त्या माणसाची टाकी भरलेली असते.