सोळा रात्रींची मोहीम

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या खोलीत चक्क युद्ध झालं! तेही अमेरिकेतलं. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.)

काळ १८६३चा. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं आणि उत्तरेचं युनियन सैन्य यांच्यात यादवी पेटलेली. जनरल ग्रँटला मिसिसिपी नदी ओलांडून व्हिक्सबर्ग घ्यायचं होतं. तेवढ्यात शत्रूचं लक्ष भलतीकडे वळवायला कर्नल ग्रिअरसन १७०० घोडेस्वार घेऊन त्यांच्या मुलखात घुसला. गंमत म्हणजे हा मूळचा संगीतशिक्षक, आणि लहानपणी लाथ खाल्ल्यामुळे त्याला घोडेच आवडत नसत!

१७ एप्रिलला टेनेसीतलं ला ग्रेंज सोडून तो २ मेला लुइझियानातल्या बॅटन रूजला पोचला. १६ दिवस, सुमारे ६०० मैल. वाटेत न्यूटन स्टेशनवर रेल्वे उखडली, तारा तोडल्या.

आम्ही ड्रॉइंग शीटवर नकाशा काढला, एम-सीलचे इवलेसे घोडेस्वार केले, ल्युडोचे फासे घेतले. एक रात्र म्हणजे मोहिमेचा एक दिवस. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मी ग्रिअरसन झाले, रूममेट कर्नल हॅच. तिसरी दक्षिणेची सेना आणि चौथी अंपायर. दक्षिणेवालीला आमच्या हालचाली थेट दिसायच्या नाहीत. अंपायर देईल त्या बातमीवरच तिने धावायचं, आणि बातमी एक दिवस शिळी!

चौथ्या रात्री आजारी सैनिक परत पाठवले. खऱ्या मोहिमेतही सुमारे १७५ जण असेच परतले होते. पण खरी कसोटी पाचव्या रात्री. २१ एप्रिलला ग्रिअरसनने हॅचची अख्खी रेजिमेंट परत पाठवली, शत्रूने तिच्या मागे जावं म्हणून. हॅचने आपली एकच तोफ रस्त्यात चार ठिकाणी वळवली, चाकोऱ्या बघून चार तोफा वाटाव्यात म्हणून!

रूममेट म्हणाली, "म्हणजे मी आता नुसतं मार खात घरी जायचं?" मी म्हटलं, "हो गं." दुसरं काय म्हणणार?

आणि ती गेली. चार रात्री दक्षिणेवाली तिच्याच मागे. मी इकडे मोकळ्या रस्त्याने न्यूटनला! खरा हॅच लढत लढत ला ग्रेंजला परतला होता. आमच्याकडे फासे रुसले आणि तिचे निम्मे घोडेस्वार गेले. पण रोज रात्री अभ्यास टाकून ती बसायची, आणि शत्रू आपल्याच मागे राहील अशी चाल खेळायची. माझ्या रस्त्याकडे तिने कुणाला फिरकूसुद्धा दिलं नाही.

सोळाव्या रात्री मी बॅटन रूजला पोचले. टाळ्या मला! पुढे वाचलं तर खऱ्या इतिहासातही तेच. जून १८६३मध्ये 'हार्पर्स वीकली'च्या मुखपृष्ठावर झळकला तो ग्रिअरसन.

गॅदरिंग असो, प्रोजेक्ट असो, कुणीतरी असा मार अंगावर घेतो म्हणून दुसऱ्याचा रस्ता मोकळा होतो. स्टेजवर मात्र एकच जण दिसतो.

आमच्या वहीत विजेत्याच्या रकान्यात मी दोन नावं लिहिली. अंपायरबाई म्हणाल्या, "नियमात बसत नाही." मी म्हटलं, "मग नियम बदल." आणि तिचं नाव वर लिहिलं.