कडीचा रुपया

नाणी जमवणाऱ्यांच्या दुनियेत कडी लावलेल्या रुपयाला मान नाही. माळेत ओवण्यासाठी सोनाराने त्याच्या डोक्यावर कडी डाकून बसवली की संग्राहकाच्या लेखी ते नाणे बाद. बिनकडीच्या, नाकीडोळी शाबूत रुपयाशेजारी ते बिचारे अंग चोरून बसते. माझ्या ते पथ्यावरच पडते, कारण आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात सराफाकडे मोडीत येणारा राणीछाप रुपया बहुधा असलाच असतो. रुपयांच्या माळा घालणाऱ्या बाया आपल्या जंगलपट्टीत अजून दिसतात. सुनेला त्या जड होतात, नातीला जुन्या वाटतात, आणि रोवणीच्या तोंडावर हातात पैसा नसला की माळ पिशवीत बसून बाजाराला येते.

सराफ कडीसकट रुपया काट्यावर टाकतो आणि माझ्याकडे बघतो. “घेता का जी, का टाकू मुशीत?”

या प्रश्नात माझा सगळा छंद आला. 1835 साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया ठरवला, तो 180 ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा. बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपयाच वजन झाला आणि गावोगावचे सोनार त्यानेच तोलू लागले. आता त्याच रुपयाला चांदीचा भाव गिळतो आहे. भाव चढला की साध्या सालाचा रुपया इतिहासाच्या नव्हे, चांदीच्या दराने विकला जातो, आणि माझ्यासारख्याला तो परवडेनासा होतो. तेव्हा मी कडीवालाच घेतो, तोही क्वचित. कडी काढून मात्र घेत नाही. डाक उकरताना राणीच्या मुकुटाला ओरखडा जातो, हे एक. दुसरे असे, की टांकसाळीने केलेले काम एका दिवसाचे आणि माळेतले पन्नास-साठ वर्षांचे. अंगाकडची बाजू घामाने, घासण्याने इतकी गुळगुळीत झालेली असते की साल वाचायला नाणे उन्हात तिरके धरावे लागते. लिलावाच्या यादीत याला दोष म्हणतात. म्हणोत.

खरा गरिबाचा प्रांत तांब्याचा. कंपनीचा पाव आणा, बारा पैंचा आणा होता त्या हिशोबातली पै, उत्तर पेशवाईतली दुदांडी शिवराई, युद्धात तांबे वाचवायला 1943 पासून पाडलेला भोकाचा पैसा. भोकाचा पैसा तर अजूनही भंगाराच्या डब्यात वॉशर म्हणून सापडतो. काम चोख करतो, तक्रार नाही. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ पूर्ण उमटलेले मिळणे दुर्मीळ, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. अर्धी अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. एका नाण्यावर ‘राजा’ मिळतो, दुसऱ्यावर ‘शिव’. धीर असला तर चार झिजक्या शिवराया मिळून एक पूर्ण शिवराई होते, आणि चारही मिळून एका देखण्या शिवराईपेक्षा स्वस्त पडतात.

अमेरिकेतही आमचे भाऊबंद आहेत. तिथे 1793 पासून 1857 पर्यंत तांब्याचा मोठा सेंट पाडत. पहिल्या वर्षांचे चांगले सेंट धनिकांच्या तिजोरीत. पगारदार माणूस नंतरच्या सालांचे, काळे पडलेले, घासलेले सेंट जमवतो. मला असा एक हवा आहे. तो येईपर्यंत एका सोयऱ्यावर समाधान मानतो. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 सालचे पैसे पाडून जहाजाने पाठवले. एका बाजूला कंपनीचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू. त्याच बोल्टनने 1797 पासून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला सेंटसाठी कोऱ्या चकत्या पुरवल्या. एका घरची लेकरे, एक पश्चिमेला गेले, एक इकडे आले. इकडचे अजून आमच्या आवाक्यात आहे.

स्वस्तात जमवणाऱ्याचे दोन शत्रू. पहिला लक्ष्मीपूजन. व्हिक्टोरिया राणी आमच्याकडे वर्षातून एकदा पाटावर बसते, हळदकुंकू लावून घेते, पण त्याआधी तिला चिंचेने घासतात. दरसाल थोडी राणी चिंचेबरोबर मोरीत जाते. दुसरा शत्रू अफवा. 1818 सालची, हनुमान किंवा रामदरबार असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची नाणी घेऊन माणसे येतात आणि हळू आवाजात कोटीची गोष्ट करतात. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत. त्याहून नामी म्हणजे तांदूळ ओढणारे नाणे: जुने तांबे तांदळाजवळ नेले की दाणे चिकटतात म्हणे. राइस मिलच्या गावात ही थाप कशी खपते ते मला कळत नाही. इथे तांदळाला ओढणारी गोष्ट एकच, पोत्याचा भाव.

नवी नाणीही मी सोडत नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, त्याच वर्षी दिल्लीच्या एशियाडचे पंचवीस पैशांचे नाणे निघाले. जिल्ह्याच्या जन्मसालचे ते नाणे मी ओळखीच्या पोरांना देतो. 2011 पासून पंचवीस पैसे चलनातून गेले, त्यामुळे दुकानदार ते घेत नाही.

खूप जुने मात्र विकत घेऊ नये, असे मी ठरवले आहे. आमची मातीच जुनी आहे. वैनगंगेच्या वरच्या अंगाला पवनीत 1969-70 साली उत्खनन झाले. त्याआधी एकोणिसाव्या शतकात चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या पोटीन, म्हणजे मिश्रधातूच्या, नाण्यांचा साठा सापडला होता. सोंड उचललेला हत्ती, मागे उज्जैनी चिन्ह, ब्राह्मीत राजाचे नाव. ही नाणी या मातीत आहेत, आणि नांगराला लागतात तेव्हा ती आपोआप शेतकऱ्याची होत नाहीत, माझीही होत नाहीत. 1878 चा निधीचा कायदा अजून चालू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले काही सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. दहा रुपये तेव्हाचे. रक्कम कोणी बदललीच नाही. आज दहा रुपयांत वडसा स्टेशनवर चहा मिळतो. म्हणून बांधावरून कोणी मुठीत हिरवट गोळे घेऊन आला तर मी आधी त्याला पाणी देतो, मग तलाठ्याकडे पाठवतो, आणि जाण्याआधी विचारतो, “भाऊ, एक फोटो काढू देता का?”