हस्तांतर आणि रूपांतर

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून बंगळुरूतील एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव पडले. तिच्यातील रस्तेही बहुधा नावांनी नव्हे, तर 'मेन' आणि 'क्रॉस' यांच्या आकड्यांनी ओळखले जातात. वाईजवळच्या एका खेड्यातून मुलाकडे राहावयास आलेल्या निवृत्त मराठी शिक्षकांना या आकड्यांची सवय होण्यास वर्ष लागले. पुढे अगरा तलावाकाठची पायवाट त्यांच्या परिचयाची झाली. तेथील बाकावर ते संध्याकाळी बसत, आणि शेजारी दहा वर्षांचा नातू निंटेंडोच्या यंत्रावर पोकेमॉनचा खेळ खेळत असे.

"आजोबा, बघा, हा आता इव्हॉल्व्ह होणार," असे नातू एकदा म्हणाला, तेव्हा शिक्षकांना प्रथम शब्दच खटकला. उत्क्रांती एका जिवाची होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या एका जातीची होत असते. पडद्यावर घडत होते ते अळीचे फुलपाखरू व्हावे तसे रूपांतर. तथापि हा दोष इंग्रजी भाषांतराचा नव्हता. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या मूळ खेळातही 'शिंका' हाच, जीवशास्त्रातील उत्क्रांतीचा, शब्द योजलेला आहे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. किड्यांचा कायापालट जवळून पाहणाऱ्याच्या हातून असा खेळ घडावा, यात नवल नाही.

सामान्य नियम शाळेच्या इयत्तांसारखा सरळ आहे. लढावे, अनुभव साठवावा, ठरलेली पातळी गाठताच रूप पालटते. पण उभा जन्म व्याकरण शिकविण्यात गेलेल्या या गृहस्थांचे मन नियमापेक्षा अपवादांत अधिक रमले. इंके नावाचा प्राणी तिसाव्या पातळीस पोहोचल्यावर यंत्रच उलटे धरावे लागते. एरवी तो बदलत नाही. सिकाडा या किड्यावर बेतलेला निंकाडा विसाव्या पातळीस पंख फुटून निंजास्क होतो. त्या वेळी सहा जणांच्या संघात एक जागा आणि पिशवीत एक पोकेबॉल शिल्लक असेल, तर गळून पडलेले कवचही शेडिंजा या नावाने वेगळे नांदू लागते. त्याची प्राणशक्ती कधीही एकाहून वाढत नाही. काराब्लास्ट आणि शेलमेट यांची एकमेकांशी अदलाबदल केली तरच दोघेही पालटतात: एकाला दुसऱ्याचे कवच मिळते, दुसरा कवचातून मोकळा होतो. हाँटर नावाचे भूत तर आपल्या मालकाच्या हाती असेपर्यंत कितीही लढले तरी बदलत नाही. ते दुसऱ्या खेळाडूच्या स्वाधीन केले की त्याचा गेंगार होतो.

शिक्षकांना भृंगकीटकन्याय आठवला. कुंभारीण अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते, आणि तिचेच चिंतन करता करता अळी कुंभारीण होते. संतवाङ्मयात वारंवार येणारा हा दृष्टान्त त्यांनी वर्गात कित्येकदा समजावून दिला होता. वस्तुस्थिती निराळी आहे. कुंभारीण त्या अळीला नांगी मारून बधिर करते व आपल्या अंड्याशी ठेवते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते आणि यथाकाल कुंभारीण होऊन बाहेर पडते. ही कथा त्यांनी नातवाला दोन्ही अंगांनी सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे अळी बदललीच नाही. ती गेली." शिक्षकांना उत्तर सुचले नाही.

नातवाजवळ एक हाँटर होता. त्याला आजोबांच्या सूचनेवरून 'मुंजा' हे नाव मिळाले होते; रोमन अक्षरांत लिहिलेले, पण वळणाने पिंपळावरचेच. पलीकडच्या क्रॉसवरील त्याचा तेलुगूभाषी मित्र वडिलांच्या बदलीमुळे हैदराबादेस जाणार होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघेही यंत्रे घेऊन बाकावर बसले. मित्राजवळही एक हाँटर होता. मुलांचा रिवाज असा की अदलाबदल करावयाची, दोन्ही भुते पालटली की लगेच परत फिरवून ज्याचे त्याला द्यावयाचे.

भुते पालटली. परत फिरविण्याची वेळ आली तेव्हा नातवाने आजोबांकडे पाहिले. "परत मागू का? त्याच्याकडे गेला तरी नाव बदलता येत नाही. पहिला मालक म्हणून माझंच नाव राहतं."

"मग तूच ठरव, बाळ," शिक्षक म्हणाले.

नातवाने मागितले नाही, मित्रानेही नाही. मुंजा हैदराबादेस गेला. एका तेलुगू नावाचे भूत एचएसआर लेआउटमध्ये राहिले.

त्या रात्री शिक्षक बराच वेळ जागे होते. गावाकडे त्यांची दीड एकर जमीन होती. ती कसणारा चुलतपुतण्या दोन वर्षे विकत मागत होता, आणि दर वेळी ते "पुढल्या हंगामाला बघू" म्हणून टाळीत आले होते. जमीन आपल्या नावावर आहे तोवर आपण गावचे आहोत, अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः ती दोन वर्षे विहिरीच्या दुरुस्तीविना गेली होती, कारण ज्याचे नाव नाही त्याला खर्च करवत नव्हता, आणि ज्याचे नाव आहे तो येथे तलावाकाठी बसला होता.

सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्या नावाला कंस पडतो, हे त्यांना ठाऊक होते. कंसातले नाव मालकी सांगत नाही. पण ते वाचता येते.

सकाळी त्यांनी पुतण्याला फोन केला. व्यवहाराचे बोलणे थोडक्यात आटोपले. मग त्यांनी विचारले, विहिरीला यंदा पाणी किती आहे, आणि बांधावरच्या पिंपळाला पालवी फुटली का.