घोडामैदान जवळच आहे!

कतारला पाहुणे आले की काय काय दाखवायचं, याची यादी इथल्या बहुतेक मराठी घरांत ठरलेली असते. पहिल्या दिवशी कॉर्निश आणि इस्लामी कलेचं संग्रहालय. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्या (गाडी अशी उडते की आधी जेवलेलं नसलेलंच बरं). तिसऱ्या संध्याकाळी सूक वाकिफ. तिथे करक चहा प्यायचा, ससाण्यांची दुकानं पाहायची, गर्दीतून संथपणे जाणाऱ्या घोडेस्वार पोलिसांचे फोटो काढायचे. जवळच अरबी घोड्यांचे तबेले आहेत, तिथे मुलं रमतात. मग पाहुणे म्हणतात, "झालं की कतार बघून!"

आमच्या यादीत मात्र गेली सहा-सात वर्षं एक चौथी जागा आहे. तिच्यासाठी शुक्रवारी पहाटे साडेचारला उठावं लागतं, त्यामुळे ती सगळ्याच पाहुण्यांना मानवते असं नाही. शहराबाहेरच्या एका लहानशा रायडिंग क्लबात वाळूचा एक चौकोन आहे. ६० मीटर लांब, २० मीटर रुंद. भोवती गुडघ्याएवढं पांढरं कुंपण, आणि कुंपणालगत इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. अक्षरं ओळीने लावलेली नाहीत. शिरायचं 'ए'पाशी, मग के, व्ही, ई, एस, एच करत समोरच्या टोकाला 'सी'. हा क्रम असा का, याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, पटण्यासारखी एकही नाही. या चौकोनात जे चालतं त्याला ड्रेसाज म्हणतात. घोडा उड्या मारत नाही, शर्यत लावत नाही. तो ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेल्या चालीत येतो, वर्तुळ काढतो, थांबतो, पुन्हा निघतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यात आहे काय? आम्हालाही तसंच वाटलं होतं.

तसं घोड्यांचं मोठं घर कतारात दुसरंच आहे. अल रय्यानमधलं अल शकब. १९९२ साली तेव्हाचे युवराज आणि पुढे अमीर झालेले शेख हमद बिन खलिफा यांनी ते उभारलं, २००४ पासून ते कतार फाउंडेशनकडे आहे. शुद्ध अरबी घोड्यांची पैदास हे त्यांचं मूळ काम. २००० साली इथेच जन्मलेला मरवान अल शकब हा घोडा जगभरच्या अरबी घोड्यांच्या सौंदर्यस्पर्धा जिंकून आला. या परिसराला इतिहासही आहे. १८९३ साली शेख जासिम बिन मोहम्मद यांच्या माणसांनी ऑटोमन सैन्याला वजबाच्या लढाईत हरवलं ते याच भागात. आज तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराचं भव्य क्रीडासंकुल आहे, घोड्यांसाठी पोहण्याचे तलाव आहेत, आणि वातानुकूलित मैदानही आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर त्याच नावाचं स्थानक आहे. मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा असली तर जरूर जा. जगातले नामवंत स्वार इतक्या जवळून बघायला एरवी युरोपात जावं लागतं.

पण अल शकब ही पंढरी झाली. रोजची आळंदी म्हणजे आमचा क्लब.

इथे एक गंमत सांगायला हवी. होर्मुझ, बसरा, बहरीन या बंदरांतून अरबी घोडे शतकानुशतकं आपल्या किनाऱ्याला उतरत आले. गोव्यात पोर्तुगीजांनी या व्यापारावर पैसा केला, तेच घोडे पुढे विजयनगरापर्यंत गेले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते. म्हणजे तिकडून घोडे इकडे येत. आता आपण इकडून तिकडे आलो आहोत, आणि ड्रेसाजच्या मैदानात पाहावं तर घोडा अरबी नाहीच! बहुतेक घोडे जर्मनीतले, हॉलंडमधले. विमानाने आलेले, स्वतःचा पासपोर्ट असलेले. आमच्या वाट्याला आला तो हॅनोव्हेरियन, तेव्हाच तेरा वर्षांचा, स्पर्धेतून निवृत्त झालेला, अंगाने थोराड आणि स्वभावाने गंभीर. क्लबात त्याचं नाव जर्मन आहे. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तोही आमच्यासारखाच कामासाठी इथे आलेला, उन्हाळ्यात ए.सी.वाचून न जमणारा.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि आमची मुलगी. शिकायला ती गेली होती. आम्ही कुंपणाबाहेर बसून चहा पीत होतो. मग प्रशिक्षक बाईंनी एकदा विचारलं, "नुसतं बसण्यापेक्षा बसता का?" आणि आम्ही खोगिरावर बसलो. पहिले सहा महिने फक्त चालीच. वॉक म्हणजे चार ठोक्यांची चाल, ट्रॉट म्हणजे आपली दुडकी, दोन ठोक्यांची, आणि कँटर तीन ठोक्यांची, दादऱ्याच्या वळणाची. ज्यांचा लहानपणी तबल्याशी संबंध आला त्यांना हे लवकर कळतं. हाताला कळायला मात्र वेळ लागतो. लगाम धरायचा, पण ओढायचा नाही. रिकिबीत पाय हवा, पण जोर पाठीतून यायला हवा. पुढे बघायचं, घोड्याच्या कानांकडे नाही.

शब्दाचं म्हणाल तर 'ड्रेसाज' फ्रेंच आहे, अर्थ साधा : शिकवून तयार करणं. आपल्याकडे याला घोडा फेरणं म्हणत, आणि फेरणाऱ्याला चाबूकस्वार. भीमथडीच्या तट्टांवर ज्यांनी हिंदुस्थान पालथा घातला त्यांच्या भाषेत खोगीर, तंग, कडियाळी, खरारा, चंदी, नालबंद असे सगळे शब्द होते. आमच्या पिढीकडे उरली ती खोगीरभरती, कागदी घोडे आणि वरातीमागून घोडे. म्हणजे घोडा गेला, म्हणी राहिल्या!

हा खेळ १९१२ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, पण बराच काळ तो फक्त लष्करी अधिकाऱ्यांचा होता. १९४८ साली स्वीडनचं सांघिक सुवर्णपदक पुढच्या वर्षी काढून घेतलं गेलं. कारण काय, तर संघातला एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट होता! १९५२ मध्ये हा नियम गेला, स्त्रियांनाही प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे होते. घोड्यावर चढताना-उतरताना तिला आधार लागे. वर बसली की घोडा आणि ती मिळून एक. हौशी माणसाने ड्रेसाजकडे का वळावं, याला आमच्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आता खरी मराठी अडचण : मार्क. टेस्टमधल्या प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. सहा म्हणजे समाधानकारक, सात म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, दहा म्हणजे उत्कृष्ट, आणि ते जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत. शेवटी टक्केवारी. आमच्या लेकीने पहिल्यांदा ५८ टक्के आणले तेव्हा प्रशिक्षक बाई खूश, आणि ठाण्याहून फोनवर आजी, "बाकीचे बेचाळीस कुठे गेले?" आजींना सांगावं लागलं की २०१४ साली लंडनला शार्लट दुजार्डिनने व्हॅलेग्रो घोड्यावर संगीताच्या टेस्टमध्ये विक्रम केला तो ९४.३ टक्क्यांचा. म्हणजे जगात सर्वांत जास्त गुणसुद्धा आमच्या इमारतीतल्या दहावीच्या मुलांपेक्षा कमीच!

घोडा स्वतःचा घेणं आम्हाला परवडणारं नाही, आणि नोकरीवर निवासाचा परवाना अवलंबून असताना शहाणपणाचंही नाही. अशा वेळी क्लबाशी नातं जोडायचा दुसरा मार्ग असतो : पडेल ते काम करणं. स्पर्धेचा दिवस मोफत राबणाऱ्या माणसांवर चालतो. कोणी पाट्या लावतं, कोणी दोन टेस्टच्या मध्ये वाळू सारखी करतं, कोणी गुणपत्रिका परीक्षकाकडून हिशेबाच्या टेबलाकडे पळवत नेतं. नवख्या स्वारांसाठी कुंपणाबाहेरून टेस्ट मोठ्याने वाचून दाखवायलाही माणूस लागतो. वारा असला तर त्याचा घसा बसतो. आम्हा दोघांपैकी एक 'ए'पाशी फाटक उघडायला उभा राहतो, आणि दुसरी 'सी'पाशी परीक्षकाशेजारी लिहायला बसते.

लिहिण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. परीक्षक एका दमात आकडा आणि शेरा सांगतात : "साडेपाच, वर्तुळ अंडाकृती, हात अस्थिर." तो लिहून होतो तोवर पुढची हालचाल संपलेली असते. आपलं मत द्यायचं नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, बाहेर जाऊन कोणाचे गुण सांगायचे नाहीत. आणि मान वर करायला वेळच नसतो. शेकडो टेस्ट लिहून झाल्या, पण प्रत्यक्ष बघितलेल्या फार थोड्या. एक फायदा मात्र झाला. दिवसभर तेच ते शेरे लिहिल्यावर आपल्याला घोड्यावर बसल्यावर काय करायचं नाही, ते पाठ होतं. घरच्या माणसाची टेस्ट असली की ती खुर्ची सोडायची, हा आमच्या क्लबाचा रिवाज. लेकीच्या वेळी तिची आई तबेल्यामागे जाऊन बसायची, त्यामुळे तिने ती टेस्टही पाहिलेली नाही!

तबेल्यामागे चाचा असत. मूळचे राजस्थानचे, पंधरा वर्षं इथे मोतद्दार. घोड्याच्या पायावरून हात फिरवून कुठे ऊब जास्त आहे हे ते सांगतात आणि डॉक्टर नंतर तेच सांगतात. खरारा कसा करायचा, खूर कसा साफ करायचा, तंग किती आवळायचा, हे आम्हाला त्यांनी शिकवलं, आणि तेही हिंदीत, न रागावता. स्पर्धेच्या दिवशी अण्णाची कातडी आरशासारखी चमकते ती त्यांच्या रात्रीच्या मेहनतीने. गुणपत्रिकेवर तिच्यासाठी रकाना नाही.

२६ सप्टेंबर २०२३ ला चीनमध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. घोडेस्वारीतलं सुवर्ण भारताला तब्बल ४१ वर्षांनी मिळालं. त्या आठवड्यात आम्ही क्लबात पेढे नेले. सगळ्यांत जास्त चाचांनी खाल्ले, आणि एक अण्णाला चारू पाहत होते तेवढ्यात बाई आल्या.

लेक बारावीत गेली तेव्हा घरात खडाजंगी झाली. नातेवाइकांचं एकमत होतं : आता घोडा बंद. दोहातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत दहावी आली की नाच, पेटी, पोहणं सगळं बंद होतं. आम्हा दोघांचंही एकमत होईना. शेवटी लेकीनेच तोडगा काढला : फक्त शुक्रवार, आणि पहाटेच. अभ्यासाला उठते त्याच वेळी उठेन, त्या दिवशी घोड्याकडे जाईन. वर्षभर तिने ते पाळलं. त्या हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत तिला आणि अण्णाला ६३.७ टक्के मिळाले. बारावीचे मार्क आम्ही इथे छापत नाही. ती आता पुण्यात शिकते, आणि फोनवर आधी अण्णाची चौकशी करते, मग आमची.

आमचं इथलं कंत्राट येत्या मार्चअखेर संपतं आहे. सामानाची यादी झाली, गाडीला गिऱ्हाईक मिळालं. अण्णा क्लबाचा आहे, तो इथेच राहील. एकोणीस वर्षांचा झाला. आता लहान मुलांना पहिले धडे देतो, आणि त्यांनी लगाम ओढला तर नुसता थांबतो. चाचा त्याच्याजवळ आहेत.

नवा हंगाम ऑक्टोबरात, ऊन उतरल्यावर, सुरू होईल. तेव्हा क्लबाला दोन माणसं कमी पडणार आहेत : 'ए'पाशी फाटक उघडणारा एक, आणि 'सी'पाशी लिहिणारी एक. घोड्यावर बसता येण्याची अट नाही. अक्षर सुवाच्य हवं आणि शुक्रवारी पहाटे उठायची तयारी हवी. दोहातल्या कोणाला जमण्यासारखं असेल तर मार्चच्या आत कळवा. अण्णाशी ओळख करून देऊ.