आबांच्या वहीतली लिपी

हबीबगंज, भोपाळ

प्रिय सोनू,


तुझ्या मैत्रिणीला वहीतली अक्षरं ओळखीची वाटली, पण शब्द लागेनात, यात नवल नाही. वहीतली भाषा उर्दू नाहीच. ती मराठी आहे, तुझ्या आबांनी स्वतः बसवलेल्या लिपीत.

१९५६ साली नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली, तेव्हा नागपूरहून सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. त्यांत आबा होते. इथलं संस्थानी दप्तर उर्दूत. सिकंदर बेगमांनी फारसी बाजूला सारून उर्दूला दरबारात आणलं होतं. आबांचा हात मोडीवर बसलेला, त्यामुळे उर्दूचं सलग, पळतं वळण त्यांना पाहताक्षणी आवडलं.

पण वळण उचललं म्हणजे लिपी होत नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'गण' आणि 'गुण' एकसारखेच दिसतात, वाचणारा संदर्भाने ओळखतो. आबांना हे मुळीच चालणार नव्हतं. त्यांनी 'अ' सोडून प्रत्येक स्वराला वेगळं अक्षर दिलं. गिनीच्या सोलोमाना कांते यांनीही आधी अरबी, मग रोमन लिपी वापरून पाहिली आणि शेवटी १९४९ मध्ये आपल्या भाषेसाठी न्को ही लिपी घडवली. तीही उजवीकडून डावीकडे, जोडून लिहितात आणि तिच्यातही स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत. आबांच्या कानावर हे नाव कधी आलं नसावं, तरी दोघांची अडचण एकच होती.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा ळ. उर्दूत 'ते'च्या डोक्यावर बारीक 'तोय' काढला की ट होतो, 'दाल'वर काढला की ड. आबांनी तोच तोय 'लाम'वर बसवला आणि ळ मिळाला. 'नून'वर बसवला, ण मिळाला. नवं चिन्ह न शोधता! 'बाळ' शब्दावर भिंग धरून बघ.

'दाल', 'रे', 'वाव', 'अलिफ' पुढच्या अक्षराला जोडायचे नाहीत, हा नियम मात्र त्यांनी तसाच ठेवला. म्हणून 'दरवाजा'तली पहिली चार अक्षरं सुटी दिसतात, शेवटचा 'जा' तेवढा जोडलेला.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत अक्षरांचा तक्ता चिकटवलेला आहे, तो आधी उतरवून घे. मजकूर उजवीकडून वाच; आकडे मात्र डावीकडून.

तुझी,
आत्या