सातवीची हजेरी

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दसरा झाला की वर्ग रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तोवर खर्चूनही झालेली असते. गावात ट्रॅक्टर येतात आणि भांडीकुंडी, शेळ्या, धाकटी भावंडं यांच्यासोबत माझी सहावी-सातवीची मुलंही सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं, कुणी थेट कर्नाटकात निघून जातात. साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात.

पहिली-दुसरीचं पोर परत आलं की दुसऱ्या दिवशी खेळात मिसळून जातं. बाराव्या-तेराव्या वर्षी तसं होत नाही. कुणी कुणाशेजारी बसायचं, डबा कुणासोबत खायचा, गुपितं कुणाला सांगायची, हे सगळं त्या वयात ठरून जातं. सहा महिन्यांनी येणाऱ्याला त्यात शिरायला वाट नसते. शाळा कायमची सुटते ती बहुधा याच टप्प्यावर. मुलगा कोयता धरण्याइतका मोठा होतो, मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करून लहानग्याला सांभाळण्याइतकी. घरच्यांना काम करणारे हात हवे असतात, आणि शाळेला आपण हवे आहोत असं त्या मुलांना वाटेनासं झालेलं असतं.

अशीच एक मुलगी सातवीत असताना मार्चच्या शेवटी परत आली. हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. ती दाराजवळ बसायची आणि दोन्ही हात दप्तराखाली ठेवायची. लिहायला सांगितलं की वही मांडीवर घेऊन वाकायची, म्हणजे बोटं कुणाला दिसू नयेत. वर्गातली मुलं दुष्ट नव्हती. पण तिच्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं आणि कळत नसलं की मुलं टोपणनाव ठेवतात.

मूल्यशिक्षण म्हटलं की आमच्याकडं परिपाठ आठवतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. परिपाठ मला मनापासून आवडतो, तो बंद करा असं मी कधीही म्हणणार नाही. पण प्रतिज्ञेत रोज एकमेकांना बांधव म्हणणारी मुलं त्याच रांगेत परत आलेल्या मुलीपासून हातभर अंतर सोडून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम २००९ साली आमच्याच बीड जिल्ह्यात सुरू झाला आणि पुढं राज्यभर गेला. जोडीनं, गटानं बोलायला लावणारे त्यातले उपक्रम मला पटतात, कारण बंधुता हा विषय भाषणातून शिकवायचा नाहीच. मात्र जोडी लावायची तर जोडीदार वर्गात हवा, आणि माझी अडचण तिथंच होती.

म्हणून आम्ही हजेरीपासून सुरुवात केली. स्थलांतरित मुलांची नावं मी रोज मोठ्यानं घेते आणि वर्ग त्यांच्या वतीनं उत्तर देतो. ‘सांगलीला हाय, मॅडम.’ ‘बेळगावकडं गेलाय.’ कुणाला ठाऊक नसेल तर संध्याकाळपर्यंत त्याच्या आजीला विचारून यायचं. भिंतीवरच्या नकाशावर मुलांनीच टिकल्या लावल्या. शनिवारी शाळा सुटण्याआधी आम्ही कुणाच्या तरी वडिलांच्या मोबाइलवर फोन लावतो. फडातून आवाज नीट येत नाही, तरी पोरं ओरडून ओरडून सगळी खबर देतात: कोणता धडा झाला, कोण पडलं, कुणाच्या गाईला वासरू झालं. जाणाऱ्या प्रत्येकाचा एक सोबती ठरलेला असतो. तो त्याची वही राखतो आणि जागाही.

त्या मुलीचं बस्तान मात्र गणिताच्या तासाला बसलं. सरळव्याज चाललं होतं आणि पुस्तकातली उदाहरणं कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. मी उचलीचं उदाहरण घेतलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल इतकी, टनाला भाव इतका, तर किती टन तोडल्यावर उचल फिटेल? ती खालूनच म्हणाली, “मॅडम, ह्याच्यात मुकादमाचं कमिशन धरलं न्हाई. आन् खाडे बी धरले न्हाईत.” मी तिच्या हाती खडू दिला.

फळ्यावर लिहिताना हात लपवता येत नाहीत. तिनं मांडणी केली, आजारपणाचे दिवस वजा केले, आणि शेवटी खाली बाकी काढून दाखवली. ती बाकी पुढच्या हंगामाच्या नावावर चढते, हेही सांगितलं. वर्गात एका मुकादमाचा मुलगा होता. तो उठून म्हणाला, “कमिशन त्यांच्या मजुरीतनं कापत न्हाईत, ते कारखाना येगळं देतो. माझ्या पप्पांच्या वहीत असतंय.” तिनं आवाज चढवला. दोघं तास संपेपर्यंत भांडले आणि सगळा वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं घरी विचारून आणलेले आकडे तिच्यापुढं ठेवले. टोपणनाव त्यानंतर मी ऐकलं नाही. दया दाखवून हे झालं नसतं. तिला जे येतं त्याची वर्गाला गरज पडली, म्हणून झालं.

पुढच्या वर्षी तिला मागं ठेवावं म्हणून मी तिच्या आजीकडं गेले. “ठिवते की मॅडम, पर पोर मोठी झाली, रातीचं भ्या वाटतं,” आजी म्हणाली. आजीची भीती खोटी नव्हती. याच भीतीपोटी आमच्याकडं कोवळ्या मुलींची लग्नं उरकली जातात. हंगामी वसतिगृह त्यासाठीच असतं, पण त्याची मंजुरी ट्रॅक्टर निघून गेल्यावर आली तर तिचा काय उपयोग? भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, तेव्हा मुलाला आधी राहायला जागा लागते हे त्यांनी ओळखलं होतं. मी आजीकडं गेले त्या वर्षी आमचं वसतिगृह वेळेवर सुरू झालं. ती राहिली, आणि आठवीच्या वर्गात पहिल्या रांगेत बसली.

सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगावकडच्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. दिवाळीनंतर तुमच्या गावाशेजारी कोप्या पडतील, त्यात आमची मुलं असतील. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून त्यांचा प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. त्यांना वर्गात घ्या, त्यांचं नाव तुमच्या हजेरीत लिहा आणि ते रोज मोठ्यानं पुकारा. मार्चमध्ये ती आमच्याकडं परत येतील, तेव्हा पुढचं आम्ही पाहू.