तळहाताने ऐकलेले

माझे वडील नॅरोगेज रेल्वेच्या एका कारखान्यात बॉयलरमेकर होते. पन्नाशी गाठेपर्यंत त्यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले. तरुणपणी ते इंजिनाच्या बॉयलरच्या पोटात शिरून बसत. बाहेरचा कारागीर तापलेला रिव्हेट ठोकी आणि आतला माणूस जड लोखंड टेकवून त्याला आधार देई. त्या लोखंडी पोकळीत घुमणारा आवाज वर्षानुवर्षे कानांवर आदळला आणि कान हळूहळू मिटत गेले. घरी आम्ही ‘अण्णांना ऐकू येत नाही’ एवढेच म्हणत असू, तेही बहुधा चिडून. पुढे मी भाषेतील ध्वनींवर प्रबंध लिहिला. तो अण्णांना ऐकवावा, असे मला कधी सुचले नाही.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने उत्तर बंगालात गेलो असताना दार्जिलिंगला जाणे झाले. १८८१ मध्ये तेथवर पोहोचलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही डोंगरी रेल्वे युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केली. तिच्या ‘बी’ वर्गाच्या वाफेच्या इंजिनांचा आराखडा १८८९ चा आहे. घूमकडे निघालेल्या गाडीपुढे उभे राहून प्रवासी छायाचित्रे काढत होते. मी मात्र स्थानकासमोरच्या शेडकडे वळलो. तेथे एक इंजिन थंड उभे होते.

बॉयलर म्हणजे चूल आणि पातेले एकातच. मागे कोळशाची भट्टी, तिच्याभोवती पाणी आणि पुढे त्याच पाण्यातून गेलेल्या नळ्या. या नळ्यांतून जाळ आणि धूर वाहतो. घरच्या पातेल्यात पाणी उकळून उकळून जसा पांढरा थर बसतो, तसाच तो येथेही बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि पत्रा वाजवीपेक्षा तापतो. म्हणून ठरावीक काळाने आग विझवून, बुचे काढून, पाण्याच्या जोरदार धारेने आतला भाग धुवावा लागतो. घाटातल्या इंजिनाला आणखी एक धोका असतो. चढावर पाणी एका बाजूस कलते. भट्टीचे छत उघडे पडले, तर ते तापून मऊ होते. त्यासाठी छतात शिसे भरलेला बूच असतो. पाणी फार खाली गेले की शिसे वितळते आणि वाफ भट्टीत शिरून इशारा देते. वारसा म्हणून जपलेल्या इंजिनाचे दुखणे मात्र निराळे आहे. त्याला पेटवायचे, थोड्या फेऱ्या करवायच्या आणि पुन्हा निवू द्यायचे. वारंवार तापण्या-निवण्याने धातू प्रसरण-आकुंचन पावतो, नळ्यांची टोके सैल होतात आणि झिरपू लागतात.

बॉयलरवरचे आच्छादन काढलेले होते. एक मध्यमवयीन कारागीर भट्टीच्या तोंडातून आत वाकून, छोट्या हातोडीने एकेका स्टेवर ठोका मारीत होता. भट्टीचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पाणी असते. वाफेच्या दाबाने हे पत्रे फुगू नयेत म्हणून शेकडो स्टे त्यांना जखडून ठेवतात. धड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. काही स्टेंना टोकाकडून बारीक छिद्र पाडलेले असते. स्टे तेथे तुटला, की छिद्रातून पाणी किंवा वाफ बाहेर येते. अण्णा त्यांना ‘चुगलीची भोकं’ म्हणत. कारागिराशी मी हिंदीत बोलू लागलो. वडिलांचा पेशा सांगताच त्याने माझा हात धरून बाहेरच्या पत्र्यावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘साहेब, आता कान सोडा, हाताने ऐका.’’ आतून ठोका पडला. तळहातात एक स्वच्छ झणझण उमटली. पुढचा ठोका पडला, तेव्हा हाताला नुसता धक्का लागला, झणझण आली नाही. ‘‘हा गेलेला,’’ तो आतूनच म्हणाला. त्याने खडूने खूण केली.

मी हात काढला नाही. मला आमची ओटी आठवली. लहानपणी मी धडा मोठ्याने वाची, तेव्हा अण्णा शेजारी बसून माझ्या पाठीवर तळवा ठेवीत. मी अडखळलो, की तो तळवा किंचित दाबला जाई. ती माया आहे, असे मी समजत होतो. ती होतीच; पण अण्णा माझे वाचन ऐकत होते, हे मला दार्जिलिंगच्या त्या शेडमध्ये कळले. कळले तेव्हा ते हयात नव्हते.

या इंजिनांच्या नळ्या बदलल्या जातात, स्टे बदलतात, पत्र्यांना ठिगळे लागतात. मग मूळचे काय उरते, असा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. आता वाटते, कोणता स्टे तुटला आहे हे ओळखणारा हात उरतो, आणि तो दुसऱ्या हाताला शिकवावा लागतो. हे शिकताना पूर्वीच्या कित्येकांनी आपले कान गमावले. वारशाच्या पाटीवर त्याची नोंद नसते.

संपर्कसत्रात मी ‘प’ आणि ‘ब’ यांतील भेद शिकवतो, तेव्हा विद्यार्थ्यांना गळ्यावर बोटे ठेवायला सांगतो. ‘ब’ उच्चारताना स्वरतंतूंचा कंप बोटांना जाणवतो. पंचवीस वर्षे ही कृती मी पुस्तकातली म्हणून सांगत आलो. आता ती सांगताना अण्णांचे नाव घेतो.